काचेवरचा हात

१

मालकाचं प्रेत सुट्टीच्या दिवशी भर दुपारी सापडलं, आणि ज्याला सापडलं त्यालाच पोलिसांनी उचललं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. फक्त इथे संन्यासी काळा होता, त्यामुळे कुणाला म्हण आठवली नाही.

मेला तो चामड्याच्या बॅगा करणाऱ्या कारखान्याचा मालक. उचलला तो माईचा धाकटा, त्याच कारखान्यात शिलाईच्या मशीनवर बसणारा. मशीनचा पट्टा तुटला होता, तो बसवायला मालकानंच त्याला सुट्टीचं बोलावलं होतं. धाकटा गेला, दार उघडंच होतं, आणि कचेरीत मालक जमिनीवर पडलेला, बाजूला चामडं ठोकायचा हातोडा. पोरगा धावत समोरच्या घरी गेला आणि फोन करा म्हणून दार वाजवलं. तिथे पियानो शिकवणाऱ्या एक बाई राहायच्या, सगळी गल्ली त्यांना पियानोबाई म्हणायची. त्यांनी फोन केला. पोलिस आले आणि मदत मागणाऱ्याच्याच हातात बेड्या घालून गेले.

माईचं धुलाई-इस्त्रीचं दुकान होतं. अर्ध्या गावाचे शर्ट तिच्या हाताखालून जायचे आणि उरलेल्या अर्ध्या गावाची अब्रू तिच्या जिभेखालून. नवरा गेल्यावर दोन मुलं तिनं इस्त्रीच्या वाफेवर वाढवली होती. कुणापुढे मान वाकवली नव्हती, वाकवलीच तर टोपलं उचलायला. पण खटल्यात तिचं काही चाललं नाही. धाकटा जेवून घरून कधी निघाला याची ती साक्षीदार, म्हणून तिला बाहेर व्हरांड्यात बसवलं. आत कोण काय बोललं ते तिच्या कानावर आलंच नाही. आली ती थेट शिक्षा. जन्मठेप.

आता तिसरं वर्ष चालू होतं. शेवटचं अपील उरलं होतं, आणि ते फेटाळलं की फाईल कायमची बंद. पहिला वकील खटल्यात डुलक्या काढायचा. अपिलासाठी सरकारनं नवी वकीलबाई दिली होती, गोरी, काडीसारखी, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. माईला ती पहिल्या दिवशी मुळीच आवडली नाही.

"तुम्ही जेवता की नाही?" माईनं विचारलं.

"वेळ मिळाला की."

"मग माझ्या पोराला वेळ कुठून देणार?"

वकीलबाई रागावली नाही. दुकानाच्या मागच्या खोलीत, वाळत घातलेल्या चादरींच्या मधे, स्टुलावर बसून तिनं कागद काढले. "माई, आईचं मन हा पुरावा होत नाही. मला काहीतरी नवं लागेल. आज मी तुम्हाला पियानोबाईंची साक्ष वाचून दाखवते. सगळा खटला तिच्यावर उभा आहे."

आणि तिनं वाचलं. "'त्यांच्या कचेरीच्या खिडकीवर समोरून ऊन होतं. आत कुणीतरी भांडत होतं. मग पडद्याआडून एक हात आला, काचेवर सपाट टेकला आणि त्यानं खिडकी सरकवून बंद केली. चेहरा दिसला नाही. हात मात्र नीट दिसला. काळा. पाची बोटं, सगळा पंजा, कोळशासारखा काळा. थोड्या वेळानं तोच माणूस माझ्या दारात उभा राहिला.'"

"आणि?" माई म्हणाली.

"आणि काही नाही. कारखान्यात काळा माणूस एकच. एवढ्यावर जन्मठेप."

माईनं इस्त्री खाली ठेवली. या साक्षीत काहीतरी बसत नव्हतं. शर्टाचं एक बटण चुकलं की सगळा शर्ट तिरका दिसतो, पण चुकलं कुठलं ते पटकन सापडत नाही, तसं. रात्रभर तिनं ते वाक्य घोळवलं. सापडलं नाही.

सापडलं ते दुसऱ्या दिवशी, तुरुंगात.

२

भेटीच्या खोलीत मधे जाड काच होती आणि दोन्हीकडे टेलिफोन. धाकटा आला. खांदे पडलेले, केस कापून टाकलेले. माईनं नेहमीप्रमाणे आधी त्याला झापलं, कारण झापलं नाही तर रडू येईल हे तिला ठाऊक होतं.

"दाढी का वाढवलीस? साधू व्हायचंय?"

"आई, आरसा नाही इथे."

"आरसा कशाला लागतो, तोंड कुठे आहे हे माहीत नाही का?"

तो हसला. हसला की अजून सहा वर्षांचा दिसायचा. वेळ संपल्याची घंटा झाली. धाकट्यानं टेलिफोन ठेवला, आणि निरोप म्हणून हात काचेवर सपाट टेकवला.

माई बघत राहिली.

समोर तिच्या लेकाचा तळहात होता. फिकट, गुलाबीसर, मधे रेषा गर्द, अंगठ्याखाली सुईनं झालेले जुने घट्टे. हाताची पाठ काळी, पण तळहात नाही. तो कधीच नव्हता. तिचा नाही, तिच्या आईचा नाही, तिच्या माणसांतल्या कुणाचाच नाही. देवानं अंग रंगवताना आम्हाला हात टेकून उभं केलं, म्हणून तळवे राहिले, असं तिची आजी सांगायची.

"हलू नको," ती ओरडली. काचेपलीकडे त्याला ऐकू गेलं नाही, पण तिकडच्या शिपायाला तिचं ओरडणं दिसलं. तो येऊन धाकट्याला घेऊन गेला. माई मात्र रिकाम्या काचेकडे बघत उभीच.

आत उभा राहिलेला माणूस काचेवर हात सपाट टेकतो, तेव्हा बाहेरच्याला त्याचा तळहात दिसतो. पियानोबाईंना दिसला तो तळहात कोळशासारखा काळा होता.

मग तो हात कुठल्याही काळ्या माणसाचा नव्हता.

३

वकीलबाई ऐकता ऐकता उठून उभी राहिली आणि तिचं डोकं वाळत घातलेल्या चादरीत गुरफटलं.

"तीन वर्षं," चादरीतून ती म्हणाली. "पोलिस, सरकारी वकील, न्यायाधीश. कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

"यायला त्यांनी आमच्यातल्या कुणाचा हात हातात घ्यायला हवा होता. बेडी घालताना मनगट धरतात. तळहात कुणी बघत नाही." मग माईनं तिला चादरीतून सोडवलं. "तुमच्या तरी कुठे लक्षात आलं? वाचलं तर तुम्हीच."

वकीलबाई लाल झाली. तिच्या गोरेपणाला ते लपवता येईना. "नाही आलं," ती म्हणाली. आणि याच कारणानं ती माईला थोडी आवडायला लागली.

"काचेवर ठसा असेल ना?" माईनं विचारलं.

"होता असणार. काच तपासलीच नाही. माणूस धरलाय म्हटल्यावर काचेला कशाला त्रास द्यायचा. दुसऱ्या दिवशी झाडूवालीनं पुसून टाकली." तिनं कागद पिशवीत कोंबले. "माई, पण सरकारी वकील म्हणतील, पोराच्या हाताला काहीतरी लागलं असेल. कारखाना आहे, रंग आहे. चला, पियानोबाईंकडे जाऊ. पण तुम्ही बोलायचं नाही."

"मी कधी बोलते?"

पियानोबाईंचं घर नीटनेटकं, भिंतीला लागून पियानो, त्यावर विद्यार्थ्यांचे फोटो, सगळे गोरे. बाई उंच, वाळक्या, वयानं माईच्याच बरोबरीच्या. त्यांनी वकीलबाईला "बसा" म्हटलं आणि माईला "तू उभी राहिलीस तरी चालेल ना?" म्हटलं. माईनं ओठ मिटले. बोलायचं नाही असं ठरलं होतं, पण किती महागात पडणार ते ठरलं नव्हतं.

बाई खोटारड्या नव्हत्या. हीच तर पंचाईत. त्यांनी तीच हकीकत त्याच शब्दांत सांगितली. खिडकीशी जाऊन आपला हात काचेवर टेकून दाखवला. वकीलबाई खाली गल्लीत उतरून बघून आली आणि माईकडे बघून तिनं पापणी हलवली. तळहात लख्ख दिसत होता.

"हातांबद्दल माझी चूक होणार नाही," बाई म्हणाल्या. "आयुष्यभर मी हातच बघत आले."

वरून, माईच्या मनात आलं. पियानोवरचे हात वरूनच दिसतात.

"आणि मग तो तुमच्या दारात आला," वकीलबाई म्हणाली. "कसा उभा होता?"

"मी साखळी न काढता फट केली. तो असा उभा." बाईंनी दोन्ही हात खांद्यापर्यंत वर केले, तळवे पुढे. "शरण आल्यासारखा. सरकारी वकील तेव्हाच म्हणाले होते, निर्दोष माणूस हात वर करून कशाला उभा राहील?"

तसं उभं राहायला तिनंच शिकवलं होतं. तिच्या माणसांत मूल चालायला लागलं की पहिली शिकवण हीच: गोऱ्यांचं दार वाजवायचं, दोन पावलं मागे सरायचं आणि दोन्ही तळवे दाखवायचे. म्हणजे हातात काही नाही हे त्यांना दिसेल आणि पोर जिवंत घरी येईल. धाकटा विसरायचा. एकदा तिनं त्याला त्यासाठी मारलंही होतं. आणि कोर्टानं ती शिकवण कबुलीजबाब म्हणून लिहून घेतली.

पण त्याच क्षणी तिला दुसरंही उमगलं, आणि तिनं तोंड उघडलं. "म्हणजे त्याचे तळहात तुम्हाला..."

वकीलबाईनं टाच तिच्या पायावर जोरात दाबली.

जिना उतरताना माई लंगडत होती. "पाय मोडलात माझा. बाईनं त्याचे दोन्ही तळवे बघितलेत, खून झाल्या झाल्या, दोन पावलांवरून. विचारायचं ना तिला ते कसे होते."

"आत्ता विचारलं तर संध्याकाळपर्यंत सरकारी वकील तिला समजावतील की दारात अंधार होता. तिला शपथेवर विचारायचं, न्यायाधीशांसमोर, सावरायला वेळ न देता." मग ती थांबली. "पण माई, तेवढ्यानं पोरगा अर्धाच सुटेल. न्यायाधीश विचारतील, तो काळा तळहात मग होता कुणाचा?"

४

कारखान्यात तळहात काळा होण्यासारखी जागा एकच, रंगखोली. आणि तिथला माणूस एकच, रंगारी. माईनं त्याला संध्याकाळी कारखाना सुटताना गाठलं. आडदांड गोरा माणूस, लग्न न झालेला, बोलायला कुणी भेटलं की खूष होणारा. माईच्या मनात त्याच्याविषयी खात्रीच झाली होती. ती सरळ म्हणाली, "हात दाखव."

त्यानं निमूट दाखवले. नव्या नवरीचे असावेत असे हात. मऊ, स्वच्छ, नखं कापलेली.

"तुझे आहेत का उसने आणलेत?"

"माई, सगळे हेच विचारतात. मी कोपरापर्यंत रबरी मोजे घालतो. चामड्याचा काळा रंग एकदा कातडीत मुरला की साबण, रॉकेल, देवाचं नाव, कशानंही जात नाही. कातडी झिजेल तेव्हाच जातो. मला सकाळी पोळी याच हातानं खायची असते."

"खून झाला त्या दिवशी तू कुठे होतास?"

"बहिणीकडे, दुसऱ्या गावी. तिची अख्खी सासरची मंडळी साक्षीला आहेत. मला तेव्हाही विचारलं होतं." तो घुटमळला. "एवढंच विचारलं होतं."

"आणि काय विचारायला हवं होतं?"

रंगाऱ्यानं रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघितलं. "सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी मी आलो तर काळ्या रंगाच्या पिंपाचं झाकण उघडं. माझे मोजे मात्र खुंटीवर तसेच, कोरडे. कुणीतरी रंग काढला होता आणि मोज्यांशिवाय हाताळला होता. मागच्या अंगणात दोरीवर दहाबारा बॅगा वाळत. परत आलेला माल होता तो, डाग पडलेला, तपकिरी. मालक म्हणाले होते जाळून टाका. कुणीतरी तो काळा करून नवा म्हणून विकायला निघालं होतं."

"हे पोलिसांना सांगितलंस?"

"विचारलं कुणी? त्यांचा माणूस सापडला होता. मी मधे बोललो असतो तर नोकरी गेली असती. मला घर आहे, माई."

"मलाही होतं," माई म्हणाली.

रंगारी खाली बघायला लागला. माईनं त्याला तसंच उभं ठेवलं, थोडा वेळ, मुद्दाम. मग विचारलं, "रंगखोलीची किल्ली कुणाकडे?"

"मालकांकडे. आणि जावईबुवांकडे. पण जावईबुवा कसला रंग हाताळतात. ते विक्री बघतात, त्यांना चामडं कुठल्या बाजूनं गुळगुळीत असतं तेही ठाऊक नाही." त्यानं मान हलवली. "आणि त्यांचे हात तर तेव्हा जखमी होते. ते म्हणाले, मालकांना उचलताना कचेरीतल्या फुटलेल्या दिव्याच्या काचा घुसल्या. प्रेतयात्रेत दोन्ही हात बोटांपर्यंत पट्ट्यांत बांधलेले. सगळे म्हणाले, सासऱ्यावर काय माया."

माईनं त्याच्याकडे बघितलं आणि तो बोलता बोलता थांबला. आपण काय बोलून गेलो ते त्याला तेव्हा कळलं.

५

मालकाची मुलगी आता कारखान्याची मालकीण होती. कारखान्याच्या पुढच्या भागात बॅगांचं दालन होतं, काचेची कपाटं, गालिचा. माई तिथे सकाळी दालन उघडताच गेली. मुलीला ती ओळखत होती. लहानपणचे तिचे फ्रॉक माईनंच धुतले होते.

"माई, तुम्ही इथे यायला नको होतं." मुलगी तिला अहोजाहो करायची, तेवढी वडिलांची शिकवण टिकली होती.

"माझं पोर तिथे जायला नको होतं. एकच गोष्ट विचारते आणि जाते. तुझ्या नवऱ्याच्या हाताला काचा लागल्या त्या तू बघितल्यास?"

"पट्ट्या बघितल्या."

"पट्ट्या सगळ्यांनीच बघितल्या. जखमा?"

मुलगी कपाटातल्या बॅगा सरळ करायला लागली. त्या सरळच होत्या. "ते स्वतःच बांधायचे. न्हाणीघरात, कडी लावून. मी मलम लावते म्हटलं तर चिडायचे. मला वाटलं, बाबा गेल्याचं दुःख."

"आणि पट्ट्या निघाल्यावर?"

मुलीनं आणखी एक बॅग सरळ केली.

"काच एवढी घुसली, दोन्ही हात आठवडेच्या आठवडे बांधून ठेवावे लागले. व्रण कुठे आहे?" माईचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, मुलीला भांडता आलं असतं. "रोज तुझ्या शेजारी जेवायला बसतो ना? सांग, कुठल्या हातावर आहे?"

"त्या दुपारी ते घरी झोपले होते. मी पोलिसांना तसं सांगितलंय."

"तू बघितलंस झोपलेले?"

"दार लोटलेलं होतं."

"म्हणजे तू दार बघितलंस."

मागच्या दारातून जावईबुवा आत आले. इस्त्रीचा शर्ट, दुसऱ्या दुकानातली इस्त्री, कॉलर पिवळसर राहिलेली. त्यांनी माईकडे बघून हसत हात पुढे केला नाही, कारण काळ्या बाईला कुणी हात पुढे करत नाही. "काय हवंय हिला?"

माई मुलीकडे बघत राहिली. एका शब्दात सगळं आलं असतं. मुलीनं तोंड उघडलं आणि म्हणाली, "काही नाही. ती निघालीच होती."

माई बाहेर पडली. अहोजाहोही संपलं होतं. अपिलाची तारीख परवावर आली होती आणि हातात होती ती एका उघड्या पिंपाची हकीकत आणि एक बंद दार.

६

अपिलाला तीन न्यायाधीश बसले. या वेळी माई साक्षीदार नव्हती, त्यामुळे तिला आत बसता आलं, मागच्या बाकावर. धाकटा कठड्यात उभा, बेड्यांसकट. मधल्या रांगेत जावईबुवा आणि शेजारी त्यांची बायको, मान खाली.

वकीलबाईनं पियानोबाईंना उभं केलं. बाईंनी तीच हकीकत सांगितली. काच, ऊन, पाची बोटं, सगळा पंजा कोळशासारखा.

"हात काचेला टेकलेला होता, म्हणजे तुम्हाला दिसली ती हाताची कुठली बाजू?"

"आतली. तळहात."

"सगळा काळा?"

"सगळा. शपथेवर सांगते."

"आणि मग आरोपी तुमच्या दारात आला. हात कसे होते?"

"वर. असे." बाईंनी करून दाखवलं.

"तळवे तुमच्याकडे. त्यांचा रंग कुठला होता?"

सरकारी वकील उठले. "याचा काय संबंध?"

मधले न्यायाधीश चष्म्यावरून बघत होते. त्यांना संबंध कळला होता, आणि तो कळल्याचं त्यांना आवडलेलं नव्हतं. "आरोपीच्या बेड्या काढा," ते म्हणाले. "हात वर करायला सांगा."

धाकट्याला सांगावं लागलं नाही. बेड्या निघाल्या, तो दोन पावलं मागे सरला आणि त्यानं दोन्ही तळवे पुढे धरले, लहानपणापासून धरत आला होता तसे.

पियानोबाई बघत राहिल्या. हळूहळू त्यांनी कठडा धरला.

"असेच होते," त्या म्हणाल्या. "फिकट. मी ते बघितले होते. दारातून, एवढ्या जवळून." त्या न्यायाधीशांकडे वळल्या. "पण मी हात बघितलेच नाहीत. मी काळा माणूस बघितला."

सरकारी वकील म्हणाले, मधल्या वेळात आरोपीनं रंग धुतला असेल. वकीलबाईनं रंगाऱ्याला बोलावलं. त्यानं डाव्या हाताची करंगळी वर धरली. ठार काळी. तीन दिवसांपूर्वी मुद्दाम पिंपात बुडवली होती आणि तेव्हापासून रोज घासत होता, साबणानं, रॉकेलनं, वाळूनं. त्यानं ती न्यायाधीशांसमोर नेली आणि म्हणाला, "साहेब, हवी तर तुम्ही घासून बघा." मग उघडं झाकण, कोरडे मोजे, दोरीवरच्या बॅगा, सगळं सांगितलं. नोकरी गेली तर गेली, असंही सांगितलं, कुणी विचारलं नसताना.

वकीलबाई म्हणाली, "ज्याला काम येतं तो मोजे घालतो. हात काळे झाले ते काम न येणाऱ्याचे. त्या दुपारी कुणीतरी जाळायचा माल चोरून रंगवत होतं. मालक आले, भांडण झालं, हातोडा उचलला गेला. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्यानं खिडकी ओढली. नंतर त्याला एकच अडचण राहिली. हात. ते झिजून स्वच्छ होईपर्यंत त्याला ते लपवायचे होते."

जावईबुवा उठले आणि दाराकडे निघाले, घाईनं नाही, सिगारेट ओढायला निघाल्यासारखे.

"बसा," त्यांची बायको म्हणाली.

ती उभी राहिली होती. "मी पोलिसांना खोटं सांगितलं. ते झोपलेले मी बघितले नव्हते. पट्ट्यांखाली काय होतं तेही बघितलं नाही, आणि आता त्यांच्या हातावर एक ओरखडासुद्धा नाही. माझे बाबा होते ते." मग ती माईकडे वळली. "तीन वर्षं मला तुमचा मुलगा गुन्हेगार वाटायला हवा होता. त्याशिवाय मला घरी झोप आली नसती."

शिपायांनी जावईबुवांना दारातच थांबवलं. या खेपेला त्यांनी हात बघितले. दोन्ही बाजूंनी.

न्यायाधीशांनी धाकट्याला मुक्त केलं. पण न्यायाधीश ते, त्यांना नुसतं सोडून चालेना. ते म्हणाले की खालच्या न्यायालयाचा दोष नाही, त्या वेळी उपलब्ध असलेल्या पुराव्यावर...

"उपलब्ध होता," मागच्या बाकावरून माई म्हणाली. "पोराच्या मनगटाला चिकटलेला होता, बेडीच्या पुढे. रोज तुमच्यासमोर आणून उभा करत होते."

शिपाई तिच्याकडे सरकला. न्यायाधीशांनी त्याला खुणेनं थांबवलं आणि पुढचं वाक्य न म्हणताच उठले.

७

आत टाकायला पोलिसांना तासही लागला नव्हता. बाहेर काढायला कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिले. माई तुरुंगाच्या फाटकाबाहेर पायरीवर बसून राहिली, शेजारी वकीलबाई, माईनं बळेच आणलेली भाजीपोळी खात.

फाटकातलं लहान दार उघडलं आणि धाकटा बाहेर आला. माईनं त्याला घट्ट धरलं. नंतर दूर करून म्हणाली, "शर्ट बघ कसला धुतलाय. यांना नीळ माहीत नाही का?"

रस्त्यापलीकडे पियानोबाई उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. त्या आल्या, धाकट्यासमोर थांबल्या. बोलायचं ठरवून आल्या असाव्यात, पण ठरवलेलं काही सापडेना.

"मला माफ कर," एवढंच म्हणाल्या.

धाकट्यानं त्यांच्याकडे बघितलं. मग म्हणाला, "ठीक आहे, बाई. तुम्ही खोटं नव्हता बोललात." हा पोरगा असाच. लहानपणी कुत्रा चावला तेव्हा कुत्र्याची बाजू घेऊन आला होता.

बाई रडायला लागल्या. मग माईकडे वळल्या आणि पहिल्यांदाच म्हणाल्या, "तुम्ही... तुम्हीही मला माफ केलंत तर..."

वकीलबाईनं खाणं थांबवलं. धाकटा हळूच म्हणाला, "आई."

"तू गप्प," माई त्याला म्हणाली. मग पियानोबाईंकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत, घाई न करता. "तू कोर्टात खरं बोललीस, ते मला दिसलं. त्यानं तुला सोडलं, तो त्याचा मोठेपणा. मी काही न्यायाधीश नाही. कुणाला सोडायची माझ्यावर सक्ती नाही."

तिनं लेकाच्या हातातलं गाठोडं आपल्या डोक्यावर घेतलं, वकीलबाईला म्हणाली, "उठा, डबा वाटेत संपवा," आणि चालू लागली.